हायड्रोजन नेहमी हरवतो

खोक्यात काळे चेंडू अकरा, लाल सहा,
पांढरे मात्र दरसाल कमी.
पोरं गोट्या समजून खिशात घालतात,
किंवा काहीच न समजता.
एका वर्षी मी गुळाचे केले,
शाहूपुरीतल्या पेढीवरनं आणलेला, पिवळाधमक, घट्ट.
दुसऱ्या दिवशी मिथेनला मुंग्या.
प्राचार्यांनी मेमो दिला. अजून जपून ठेवलाय.

अकरावी क. दुपारचा तास.
वडणगे, पाचगाव, कंदलगावची पोरं,
डब्यातल्या ठेच्याचा वास अजून वर्गात.
मुजावर मॅडम फळ्यावर पाणी काढतात.
आधी सरळ. मधे ऑक्सिजन, दोन्हीकडं हायड्रोजन,
दोरीवर वाळत घातलेल्या तीन कापडांसारखं.
मग डस्टर फिरवतात.
"कार्बन डायऑक्साइडलाही अणू तीनच. तो ताठ.
मग पाणीच का वाकलं?"

पंखा तेवढा बोलतो.
मी मागं बेसिनपाशी ब्युरेट धुतोय.
उत्तर मला माहीत आहे.
बारावीच्या पेपरात मी पाणी सरळ काढलं होतं,
तीन मार्क गेले; पास व्हायला दोन हवे होते.
तेव्हापासून माहीत आहे.
पण हजेरीत माझं नाव नाही,
हात वर करायचा कसा.

मॅडमनी पर्समधनं फुगे काढले,
काल रंकाळ्यावर नातवाच्या निमित्तानं घेतलेले.
चार फुगवले, चारांच्या गाठी एकत्र बांधल्या,
टेबलावर ठेवल्या.
कुणी न सांगता चौघं चार दिशांना झाले,
जमेल तेवढे एकमेकांपासून लांब,
गाठ मात्र एकच.
एकशे साडेनऊ अंश.
फुग्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं.

"आता यातल्या दोघांत आणखी हवा भरा.
ह्या दोन जोड्यांच्या टोकाला कुणी नाही."
तिसऱ्या बाकावरचा बेलवलेकर,
पहाटे तालमीत जातो, डावा कान मोडलेला,
बसल्या जागेवरनंच म्हणाला,
"मॅडम, ज्याला जोड घावत न्हाई
तो पैलवान सगळा आखाडा फिरतोय की, हात वर करून.
बाकीचे मग कडंला."

वर्ग फुटला.
मॅडम हसल्या नाहीत.
"बरोबर आहे," म्हणाल्या.
"पैलवान सोडून बाकीचं लिहून घ्या.
दोन अणूंमधली जोडी सामाईक, दोघांनी धरलेली,
म्हणून मापात राहते.
एकाच्याच पदरात पडलेली ऐसपैस पसरते,
शेजारच्यांना रेटते."
दोन्ही बारके फुगे खरंच जवळ सरकले होते.
एकशे साडेचार.

मी हातातला लाल चेंडू फिरवून बघितला.
भोकं दोनच, तीही तिरपी.
तिरपी कुणामुळं झाली, ते खोक्यात कुठंच नाही.
त्या जोड्यांसाठी कंपनीनं चेंडू पाठवलेलेच नाहीत.
पाण्याच्या सूत्रातही त्या दिसत नाहीत.
वाक तेवढा दिसतो.

तास सुटला. पोरं जिन्यावरनं गडगडत गेली.
एक फुगा दारात फुटला, उरलेले मी कपाटावर ठेवले.
मग खिशातला कंगवा काढला.
ह्याला कोरडी हवा लागते, जुलैत काही केल्या होत नाही,
आज जानेवारीची सतरा.
डोक्यावर आता घासण्यासारखं काही उरलेलं नाही,
टेरिकॉटच्या बाहीवर घासला, जोरात,
नळ अगदी बारीक सोडला, सुतासारखा,
आणि कंगवा जवळ नेला, न टेकवता.

धार कंगव्याकडं वळली.
शिंगणापूरहून नळानं आलेलं पाणी,
न शिवता,
बोटभर बाजूला झुकून बेसिनमध्ये पडत राहिलं.
मी कंगवा मागं घेतला, ते सरळ झालं.
पुन्हा नेला.
किती वेळ, घड्याळ बघितलं नाही.

मग नळ बंद केला, पांढरे मोजले.
आज आणखी एक गेला.
बेलवलेकरच असणार.
असू दे.